दोनशे तेरावा नमुना

अभय आला होता तो जिन्यातला कॅमेरा दुरुस्त करायला. काम आटपून शिडीवरून उतरतो तर समोर दुसऱ्या मजल्यावरच्या पद्मजाबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या. कॅमेरा कळतो म्हणजे कॉम्प्युटरही कळत असणारच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि सहकारनगरात बाईंनी एकदा ठरवलं, की समोरच्यानं फक्त चपला कुठे काढू एवढंच विचारायचं असतं.

घरात त्यांची मुलगी स्वराली कॉम्प्युटरपुढे कपाळाला हात लावून बसली होती. कॉम्प्युटर इतका रखडत होता की एक फाइल उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. फाइल तरी साधीसुधी होती का? पद्मजाबाईंनी चार वर्षं दोन बोटांनी टाइप केलेलं क्रोशाच्या विणकामाचं पुस्तक होतं ते. दोनशे नमुने झाले होते, बारा राहिले होते आणि प्रकाशक घाई करत होता. त्यातून कोपऱ्यावरचा दुकानदार न बघताच म्हणाला होता, सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. तेव्हापासून मायलेकींच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

अभय टेबलाखाली वाकला... आणि वाकलेलाच राहिला. सीपीयूच्या डब्याला वरपासून खालपर्यंत पांढरंशुभ्र कव्हर होतं. क्रोशाचं, गच्च विणीचं, खाली झालर, वर गुलाबाचं फूल. या घरात फ्रिजपासून रिमोटपर्यंत कुणीच उघडं राहत नसे, मग सीपीयूनं काय पाप केलं होतं? धूळ बसू नये म्हणून खास महिनाभर खपून केलंय, असं पद्मजाबाईंनी कौतुकानं सांगितलं.

आता या माउलीला सांगायचं कसं, की बाई, तुमच्या कव्हरनंच तुमचं पुस्तक गुदमरतंय? ऑक्टोबरच्या उन्हात कुणाला स्वेटर घालून पर्वती चढायला लावावं, तशी त्या डब्याची गत झाली होती. अभयनं पाणी मागितलं. पद्मजाबाई आत गेल्या तसा तो हळूच स्वरालीला म्हणाला,

“हे कव्हर काढा. आतल्या पंख्याला हवाच मिळत नाहीये.”

“आणि आईला कोण सांगणार?”

“तुम्ही. मला जिना उतरून धडधाकट घरी जायचंय.”

तिला हसू आवरेना. तोंडावर ओढणी दाबून ती हसत राहिली, आणि कुठला स्क्रू काढायला घेतला होता हे तो साफ विसरला. पुढे मग त्यानं पंख्यातली धूळ झाडली, पुस्तक पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं, आणि कॉम्प्युटर भराभर चालू लागला. कव्हर ‘धुवायला’ म्हणून कपाटात गेलं. निघताना तो म्हणाला, “आता काही त्रास होणार नाही.” स्वरालीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिला त्याचा रागच आला.

दहा दिवस गेले. कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागत होता, आणि स्वरालीच्या जिवाला मात्र चैन नव्हती. ती ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची तिथे दिवाळीची सुट्टी लागलेली, त्यामुळे कामाचाही आधार नाही. जिन्यात पाऊल वाजलं की हिचे कान टवकारायचे. फोन करावा तर काय म्हणून करायचा? सहज केला म्हणायचं? छे... काहीतरीच.

बुधवारी पद्मजाबाई भजनाला गेल्या, तेव्हा तिनं कपाटातून ते कव्हर काढलं आणि डब्याला घातलं. झालरसुद्धा नीट केली. थोडासा रखडू दे, एवढीच तिची इच्छा होती.

गुरुवारी दुपारी पद्मजाबाई शेवटच्या नमुन्यातले साखळी-खांबाचे टाके पडद्यावर पुन्हा मोजून पाहत होत्या, आणि पडदा एकदम काळा झाला. कॉम्प्युटर बंद. बटण दाबून बोट दुखलं तरी ढिम्म. नंतरचे बारा नमुने पेन ड्राइव्हवर घेतलेलेच नव्हते. पद्मजाबाई नुसत्या मांडीवर हात ठेवून बसल्या. दुसऱ्या कुणी नाही, आपणच केलंय हे, स्वरालीला कळत होतं. आता निमित्त वगैरे कुठलं, तिनं सरळ अभयला फोन लावला.

तो स्वारगेटच्या गर्दीतून घामाघूम होऊन पोचला. खाली वाकला. कव्हर पाहिलं. पद्मजाबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या. तो काही विचारायच्या आतच स्वराली म्हणाली,

“आईनं नाही घातलं. मी घातलं... काल.”

“का?”

“तुम्हीच म्हणालात ना, आता काही त्रास होणार नाही. मग तुम्हाला बोलावणार कशी?”

बोलली खरी, आणि रडायलाच लागली. तुम्हाला बघायचं म्हणून आईची मेहनत पणाला लावली, असं काहीतरी हुंदक्यातून म्हणाली. अभयनं कव्हर उतरवलं, डब्याचं झाकण उघडलं, टेबलफॅन आणून समोर लावला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसला. डबा गार व्हायला दहा मिनिटं लागली. फॅनच्या वाऱ्यानं तिचे केस त्याच्या खांद्यावर येत होते, आणि तो अजिबात सरकला नाही.

मग त्यानं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, पडदा उजळला... बाराच्या बारा नमुने जागच्या जागी होते. स्वरालीनं इतका मोठा सुस्कारा सोडला की तिचं तिलाच हसू आलं. डोळे अजून वाहतच होते.

“नुसता फोन केला असतात तरी आलो असतो,” अभय म्हणाला. “दहा दिवस मी तुमचा कॅमेरा बिघडायची वाट बघतोय. दोनदा येऊन तपासूनही गेलो. लेकाचा उत्तम चालतोय.”

“म्हणजे... ती पावलं तुमची होती?”

“माझीच. दाराशी यायचा धीर होत नव्हता. मला तुम्ही फार आवडता हो, स्वराली.”

“मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं,” पद्मजाबाई चहा घेऊन बाहेर येत म्हणाल्या. “पहिल्या दिवशीही आलं होतं. काल कव्हर पुन्हा दिसलं तेव्हाच कळलं, कुणासाठी घातलंय ते. थोडा रखडेल, असंच मलाही वाटलं होतं. बंद पडल्यावर मात्र माझीही घाबरगुंडी उडाली.”

पद्मजाबाईंनी विणकामाच्या पिशवीतून एक नवं कव्हर काढून अभयच्या हातात दिलं. बाजूंना सैल जाळीची वीण आणि मागे पंख्याच्या मापाचा मोकळा गोल.

“कव्हरात हवा कुठून येते हे कळत नसेल, तर पुस्तक कशाला लिहिलं मी? दोनशे तेरावा नमुना. लिहून घे गं, आणि आधी त्या पेन ड्राइव्हवर घाल.”

अभयनं झाकण बसवून कव्हर चढवलं. मागच्या गोलाशी हात धरला तर गरम वारा छान बाहेर येत होता. त्यानं स्वरालीला हात धरायला सांगितलं, आणि मग तिचा हात बराच वेळ सोडला नाही. पद्मजाबाई तेवढ्यात साखर आणायला आत गेल्या, चहात साखर असूनही.

निघताना त्यानं बूट घालायला पाच मिनिटं लावली.

“आता काही त्रास...” तो सवयीनं म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

“रविवारी या,” स्वराली म्हणाली. “काहीही बिघडलेलं नसेल.”

त्यानं खांद्यावरची हत्यारांची पिशवी काढली आणि तिच्या हातात दिली.

“मग ही इथेच राहू दे,” तो म्हणाला, आणि मोकळ्या हातांनी जिना उतरून गेला.