आसनक्षमता दोन

त्या दोघांचं शेवटी जमलं. झालं, सांगून टाकलं. आता हे वाक्य कृपया विसरा, कारण त्या शनिवारी दुपारी बेकरीच्या मागच्या अंगणात टायरला लाथ मारून बघणाऱ्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि आपण तिच्यापेक्षा शहाणं असणं बरं दिसत नाही.

मुलगी वडिलांच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम करायची. हातातल्या हत्यारापेक्षा जीभ धारदार, म्हणून घरात तिला पटाशी म्हणत. बेकरीचा जुना पिकअप तिने विकत घेतला होता आणि वडिलांनी अट घातली होती, "पाचच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर दारात आली, तर वर्कशॉप तुझं. दुसऱ्या गाडीला बांधून आली, तर सोमवारपासून मामाच्या ऑफिसात फायली लावायच्या." मामा पाचला उत्तर घ्यायला येणार होता. मामा वेळेचा इतका पक्का, की घड्याळं त्याच्याकडे बघून लावावीत.

गाडीच्या पलीकडे एकजण रुमालाने हेडलाइट पुसत होता. नुसता पुसत नव्हता, समजूत काढत होता.

"तुम्ही कोण?"

"मी हिच्यातून ब्रेड पोचवायचो. सहा वर्षं." तो उभा राहिला. "घरापर्यंत सोबत येतो. हिचे थोडे... स्वभाव आहेत."

"किती?"

"दोनच. चाळीसच्या वर गेली की बॉनेट उघडतं. आणि एकदा बंद पडली की वीस मिनिटं चालू होत नाही. रुसते."

"मालकांनी हे सांगितलं नव्हतं."

"तुम्ही लाथ मारून टायरलाच विचारलंत. टायर चांगले आहेत."

त्याच्या डाव्या भुवईला पीठ लागलं होतं. हे त्याला सांगावं की नाही, यावर पटाशीने गरजेपेक्षा जास्त विचार केला.

चाळीसची मर्यादा असल्यामुळे मोठा रस्ता बाद. आतल्या रस्त्याने निघाले. स्टिअरिंगवर ती, शेजारी तो. पहिल्याच वळणावर एक बकरी आडवी आली आणि पटाशीने हॉर्न दाबला. दोन लांब, एक आखूड. आवाज सर्दी झालेल्या तुतारीसारखा.

"अरेरे," तो म्हणाला.

"काय झालं?"

"या रस्त्यावर हा हॉर्न म्हणजे ब्रेड."

तोवर दारं उघडली होती. माणसं पिशव्या घेऊन बाहेर आली. सगळ्यांत पुढे एक आजी. त्यांनी गाडीचा रिकामा मागचा भाग बघितला, मग पटाशीला बघितलं, आणि ब्रेडचा विषय सोडून दिला.

"सहा वर्षं या गाडीत तुझ्याशेजारी फक्त बिस्किटांचा ट्रे बघितला रे. शेवटी मिळाली म्हणायची एक."

"हो आजी," ब्रेडवाला म्हणाला.

गाडी पुढे गेल्यावर पटाशीने विचारलं, "हो काय, हो?"

"सवय. बेकरीचा नियम आहे, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही."

"आणि गिऱ्हाईक म्हणालं, ब्रेड आभाळातून पडतो, तर?"

"तर म्हणायचं, सकाळचा ताजा पडतो."

पटाशीने ओठ घट्ट मिटले. हसलं की तिचा पाय जड व्हायचा, आणि पाय जड झाला की बॉनेट उघडणार होतं. आरशात मागे आजी फोन लावताना दिसत होत्या.

पुढच्या वळणावर हॉर्न न वाजवताच लोक उभे होते. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी खिडकीतून दोन उशा दिल्या. "भांडा, पण उशा एकाच खोलीत ठेवा." ब्रेडवाला म्हणाला, "हो काकू." त्यापुढे न्हाव्याने आरसा दिला. "हो दादा." त्यापुढे एक निवृत्त मास्तर तीन पायांचं स्टूल घेऊन भर रस्त्यात हात पसरून उभे होते. पटाशीने करकचून ब्रेक लावला. गाडी बंद पडली.

"चौथा पाय सवडीने बसवा," मास्तर म्हणाले. "सुरुवातीला संसार असाच डुगडुगतो." आणि स्टूल ठेवून निघून गेले.

चार वाजून बारा मिनिटं. घर पंचवीस मिनिटांवर. वीस मिनिटं रुसवा. पटाशीने मनात बेरीज केली आणि आपल्या हत्यारांच्या पिशवीतून करवत काढली. नुसतं बसणं तिला जमत नसे.

वाळक्या फांदीचा पाय तयार होत होता. त्याने स्टूल धरलं. कुठूनतरी ओल्या गवताचा वास येत होता.

"पीठ आहे," ती शेवटी म्हणाली. "भुवईला."

त्याने उजवी भुवई पुसली. मग तिनेच बोट लावलं. बोटाला लाकडाचा भुसा होता.

"गेलं?"

"वाढलं."

हात मागे घ्यायला तिला जरा उशीर झाला...

"लोक काय काय बोलले," तो हळूच म्हणाला. "राग आला असेल ना?"

"लोकांचा नाही. तुमच्या 'हो'चा आला." तिने खिळा ठोकला. "माझ्या जागी ती मघाची बकरी असती, तरी तुम्ही हो म्हणाला असता."

"बकरीला गाडी येत नाही," तो म्हणाला. पण त्याचं त्यालाच ते पटलं नाही.

गाडी चार बत्तीसला सुरू झाली. स्पीडोमीटरचा काटा एकोणचाळीसवर थरथरत होता, आणि तो एकटाच नव्हता.

चार सत्तावन्नला पिकअप दारात उभा राहिला. मामा घड्याळाकडे बघत होता. वडिलांनी मागे डोकावून पाहिलं. दोन उशा, आरसा, स्टूल.

"गाडी आणायला गेली होतीस की संसार?" त्यांनी वर्कशॉपची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि शेजारच्या सीटकडे मान वळवली. "आणि हे कोण? जावई का?"

सहा वर्षांचं हो त्याच्या ओठांपर्यंत आलेलं पटाशीने स्पष्ट पाहिलं. किल्ली तिच्या मुठीत रुतली.

त्याने ते परत गिळलं.

"नाही," तो म्हणाला. शब्द नवा होता, तोंडात बसायला वेळ लागला. "म्हणजे... व्हायला फार आवडेल. पण अजून हिला विचारलंच नाही."

मामा घड्याळ बघायचा विसरला.

पटाशीने गाडीची किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"आता वीस मिनिटं कुठे पळता येणार नाही," ती म्हणाली. "विचार."

त्याने विचारलं. तिने आधी खाली उतरून स्टुलाचा चौथा पाय नीट घट्ट केला, त्यावर स्वतः बसून पाहिलं, आणि मग हो म्हणाली. तिला तशी सवय नसतानाही.

तरी वाहन नोंदणी खात्याचे माननीय अधिकारी यांस सविनय विनंती की, बॉनेटबाबत अर्जदारांची कोणतीही तक्रार नाही. मात्र सदर पिकअपच्या नोंदणीपुस्तकात "आसनक्षमता : दोन" अशी जी नोंद आहे, तिच्यापुढे "आणि हीच दोन" एवढे शब्द कायमस्वरूपी वाढवून मिळावेत.