पाठीमागचं पाणी

बल्कीसनं मिठाईचा डबा कापडात नीट गुंडाळला आणि दुपारची नमाज आटोपून ती घराबाहेर पडली. काम साधंच होतं. ज्या बाईनं तिला अम्मानमध्ये जगायला शिकवलं, तिचा निरोप घ्यायचा होता. अडचण एवढीच की त्या बाईला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

ओळख सगळी फोनवरची. मोसूल सोडून आलेल्या आणि अम्मानच्या निरनिराळ्या टेकड्यांवर विखुरलेल्या बायकांचा तो एक गट होता. कुणी भाड्याची खोली विचारायचं, कुणी गुडघ्याचा डॉक्टर, कुणी नुसतीच आज घरी काय शिजलं ते सांगायचं. बल्कीस शहरात नवी होती तेव्हा वाण्याकडे जाऊन म्हणाली होती, "तिम्मन आहे का?" इराकात तांदळाला तिम्मन म्हणतात. अम्मानच्या बोलीत तमन म्हणजे किंमत.

"कशाची किंमत, मावशी?" वाण्यानं विचारलं.

"तिम्मन रे, तिम्मन!"

"अहो, पण कशाची ते सांगाल की नाही?"

मागची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायला लागली. मोसूलला सगळ्या आळीला खिम्याचे कुब्बे करून वाढणारी बल्कीस रिकामी पिशवी घेऊन घरी आली, दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. मग चिडून गटात विचारलं, "या शहरात माणसं भात खातात की नाही?"

उत्तर आवाजी निरोपातून आलं. "अगं माझे बाई, इथे रुझ म्हणायचं, रुझ! तिम्मन म्हणत राहिलीस तर तो मेला तुला जन्मभर भाव सांगत बसेल." आणि वर खळखळून हसणं. त्या हसण्यापेक्षाही बल्कीसच्या कानात रुतला तो तिचा 'र'. मोसूलचे जुने लोक 'र' घशातून काढतात, नवी पोरं त्यांची नक्कल करतात. बल्कीसच्या आईचा 'र' तसाच होता. तिनं तो निरोप कितीदा ऐकला कोण जाणे.

तिचं नाव उम्म दुरैद, म्हणजे दुरैदची आई. मैदान मोहल्ल्यातली, अगदी नदीला लागून घर. वयानं मोठी, म्हणून बल्कीस तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागली. पुढे कुठली बस कुठल्या टेकडीवर जाते, पाणी आठवड्यातून एकदाच येतं तेव्हा छतावरची टाकी कशी भरून ठेवायची, घरमालकाशी गोड बोलून भाडं कसं लांबवायचं, सगळं खालानं शिकवलं. शिकवून झालं की दोघी मोसूलला जायच्या. फोनवरच, पण जायच्या. हिवाळ्यात बल्कीस शेगडीवर संत्र्याची साल टाकायची, खोलीभर वास सुटायचा आणि खाला तिकडून सांगत असायची: उन्हाळ्यात दिजला नदी आटली की मधली बेटं उघडी पडायची, त्यावरची कलिंगडं, घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांची भांडणं, मोसूलला वर्षातून दोनदा, शरदातही, येणारा वसंत. आज त्या मैदानात भिंत म्हणून उभी नाही. लढाईच्या शेवटच्या दिवसांत तिथे जे राहिले ते ढिगाऱ्याखाली राहिले. पण खालाच्या तोंडी ते सगळं अजून ओलं होतं, नुकतं धुतल्यासारखं.

"एकदा भेटू या ना, खाला. मी येते तुमच्याकडे," बल्कीस कितीदा तरी म्हणाली. खाला प्रत्येक वेळी हसण्यावारी न्यायची. "माझ्याकडे काय बघायचंय? जिना मोठा, बाई लहान." बल्कीसला वाटायचं, घर गरिबाचं असेल, लाजत असेल. परदेशात माणूस अन्नाला लाजत नाही, भिंतींना लाजतो.

आणि मग मेलबर्नचा व्हिसा आला. बल्कीसचा एकुलता एक सिनान तिकडे होता. कितीतरी वर्षांत तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता. त्याच्या बायकोला, रन्दला, दिवस गेलेले होते, आणि तिला मायेचं दुसरं कोणी नव्हतं. बल्कीसनं ही बातमी पहिल्यांदा खालालाच सांगितली.

"जा गं पोरी," खाला म्हणाली. "पण तुझ्या पाठीमागे पाणी कोण ओतणार?"

घरचं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीमागे उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, म्हणजे पाण्यासारखंच ते सुखरूप वाहत जातं आणि माघारी येतं. हे न करता मोसूलमध्ये कोणी कोणाला शेजारच्या गावीसुद्धा धाडत नाही. पण बल्कीसच्या घरचे मोसूलमधून निघाले ते जीव मुठीत धरून निघाले. पाणी ओतायला मागे कोणी उरलंच नव्हतं. म्हणून तर परत जाणं झालं नाही, असं बल्कीसच्या मनानं कधीचंच घेतलं होतं.

"मी येईन," खाला म्हणाली. "मी ओतेन तुझ्या पाठीमागे."

ज्या बाईला घरचा जिना उतरवत नाही, ती आपल्यासाठी अम्मान ओलांडून येणार! बल्कीसला भरून आलं. आपणच आधी जावं, तिच्या हातांचं चुंबन घ्यावं, गळ्यात गळा घालून रडावं, असं तिनं ठरवलं. घराचा पत्ता खालानं कधी दिला नव्हता, पण बोलता बोलता खुणा दिल्या होत्या. हाशमीची टेकडी, खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, बाजूला एकुलतं एक अंजिराचं झाड.

घर सापडलं. जिन्यात एक जाडजूड बाई मलूखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती. ती घरमालकीण, उम्म आतिफ, तिथलीच जॉर्डनी.

"उम्म दुरैद वरच राहतात ना?" बल्कीसनं विचारलं. "इराकी. मोसूलच्या."

उम्म आतिफचे हात थांबले. "तू कोण तिची?"

"मैत्रीण."

"मैत्रीण, आणि तुला कळवलं नाही कुणी?" ती हळू आवाजात म्हणाली. "गेली गं ती. शेगडी पेटती ठेवून खिडक्या लावून झोपली, ती सकाळी उठलीच नाही. तिला जाऊनही आता..." तिनं बोटांवर हिवाळे मोजले. बल्कीसनंही मनात मोजले. वाण्याकडे तिम्मनवरून हसू झालं, त्याच्या आधीच ही बाई गेलेली होती.

"दुसऱ्या कोणाबद्दल बोलताय तुम्ही," बल्कीस म्हणाली. "मी काल रात्री बोललेय त्यांच्याशी. फोनवर."

"तिचा फोन? तो मी मोडीत दिला. फुटकाच होता." उम्म आतिफ थोडी मागे सरकली. मग गप्प बसवेना म्हणून पुढे बोलू लागली, "बिचारीचं शेवटचंसुद्धा धड झालं नाही. वर तेव्हा सगळे तुमचेच लोक होते. आज हा कॅनडाला निघाला, उद्या तो अमेरिकेला. वरच्या मजल्यावरची एक म्हातारी, जो कोणी बॅग घेऊन उतरेल त्याच्या मागे तांब्याभर पाणी ओतायची. मी ओरडायचे, अगं, पाणी काय तुझ्या बापानं आणून ठेवलंय? तर त्या दिवशी जनाजा खाली उतरला आणि हिनं सवयीनं त्याच्या मागेही ओतलं! मला वाटलं, पायऱ्या धुतेय. पण तुमच्या बायका काय किंचाळल्या! धावून गेल्या तिच्या अंगावर. ती म्हातारी कपाळ बडवून घेत राहिली, मी काय केलं, मी काय केलं... का गं? एवढं काय त्यात?"

मेलेल्या माणसाच्या मागे पाणी ओतत नाहीत, हे मोसूलमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कारण ते पाणी माघारी बोलावतं. बल्कीसनं मिठाईचा डबा उम्म आतिफच्या मांडीवर ठेवला आणि जिना कसा उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही.

घरी येऊन ती शेगडीजवळ बसली. संध्याकाळची वेळ, खिडकीतून समोरच्या टेकडीवरचे दिवे एकेक करून लागत होते. फोन वाजला. खालाचा निरोप.

"आज जिन्यात तुझ्या चपलांचा आवाज आला," खाला म्हणत होती. नेहमीसारखीच, मायेनं. "वर का नाही आलीस? आणि माझ्या वाटची मिठाई त्या उम्म आतिफच्या घशात घातलीस ना? बरं झालं... खाऊ दे. आधीच काय कमी जाड आहे ती."

बल्कीसच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच वेळी ओठांवर हसू आलं. असलं हसू आयुष्यात कधी कोणाला येऊ नये. फोन फेकून द्यावा, भिंतीवर आपटावा, असं तिला वाटलं. पण फेकला असता तर या शहरात तिच्याशी तिच्या आईच्या 'र'नं बोलणारं कोण उरलं असतं? तिनं बटण दाबलं.

"खाला... तुम्ही त्रास घेऊ नका. पाण्याचं राहू दे. मला अम्मानला परत यायचं नाहीये."

उत्तर लगेच आलं. "अगं वेडे, अम्मानला कशाला? पाणी जिथलं, माणूस तिथे परत जातं. मी आपल्या घाटावरचं आणून ठेवलंय."

"खाला," बल्कीसनं विचारलं, "मैदानात आता... कोण आहे?"

या वेळी वेळ लागला. मग आवाज आला, अगदी हळू, कानाशी वाकून सांगितल्यासारखा.

"सगळे आहेत."

त्यामागोमाग दुसरा निरोप. "कधी निघतेस, पोरी?"

तिच्या डोळ्यांपुढे सिनान आला. अवघडलेली रन्द आली, आणि न पाहिलेलं ते बाळ. त्या बाळाला आजी हवी होती. जिवंत. "गुरुवारी," बल्कीस म्हणाली. विमान त्याआधीच, सोमवारी होतं. आयुष्यात तिनं अनेकांना थापा मारल्या होत्या, घरमालकाला तर रोजच, पण ही एक थाप तिच्या काळजाला घासून गेली. इतक्या मायेच्या माणसाला फसवलं, म्हणून ती त्या रात्री खालासाठीच रडली.

सोमवारी दुपार टळल्यावर टॅक्सी आली. बल्कीस बॅग घेऊन जिना उतरली. प्रत्येक पायरीवर कान मागे होते. काही नाही. पायऱ्या कोरड्या ठणठणीत, उन्हानं तापलेल्या. टॅक्सीचं दार लागलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच मनात आलं, याही वेळी आपल्या पाठीमागे कोणी उभं नाही.

ड्रायव्हर बडबड्या होता. "कुठं, मावशी? ऑस्ट्रेलिया? मजा आहे! मलाही न्या बॅगेत घालून." शहर मागे पडलं. विमानतळाचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना उघडं माळरान. ना घर, ना पूल, ना झाड. आभाळात ढगाचा पुंजकासुद्धा नव्हता. बल्कीस ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. कोण जाणे का, तिनं फोन हातात घेतला आणि तोंडाजवळ नेऊन कुजबुजली, "खाला, मी खोटं बोलले. आजच निघाले. माफ करा मला."

सपकन मागच्या काचेवर पाणी आदळलं.

"अरे!" ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. "कोण रे तो हरामखोर! इथं आठवडा आठवडा नळाला पाणी नाही आणि हे गाड्यांवर उडवतायत!" तो उतरला. रस्त्यावर मागेपुढे चिटपाखरू नव्हतं. काचेवरून पाणी ओघळत होतं, तपकिरी, गढूळ. त्यानं बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा बदलला. "मावशी... हे टाकीचं पाणी नाही. माझं आजोळ नदीकाठचं आहे. हा गाळाचा वास मला कळतो. इथं नदी कुठली?"

तो गाडीत येऊन बसला आणि गाडी भरधाव सोडली. वास आतपर्यंत आला होता. ओल्या गाळाचा, मासळीचा, फुटलेल्या कलिंगडाचा. नाकाला ओढणी लावायच्या आधी बल्कीसनं तो वास छातीभर ओढून घेतला. आपण तो का ओढून घेतला, याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

हातातला फोन वाजला. ती दचकली. सिनान होता.

"आई, निघालीस ना?"

"निघाले रे बाळा."

"आम्ही दोघं येतोय घ्यायला. रन्दला म्हटलं, घरी थांब, पाय सुजलेत तुझे, तर ऐकेल तर शपथ. म्हणते, सासूबाईंना मीच आधी भेटणार. आई? ऐकतेस ना? आवाज का असा येतोय? पाण्यात असल्यासारखा?"

"ऐकतेय."

"मग सांग ना, येतेस ना?"

"येते," बल्कीस म्हणाली. "येते हं."

तिकडे सिनान लहान मुलासारखा हसला. इकडे ड्रायव्हरनं आरशातून बल्कीसकडे पाहिलं आणि चटकन नजर रस्त्यावर वळवली, कारण हे बोलताना ती मागच्या काचेकडे तोंड करून बसली होती.