एका बंद शिवलीला दोन

"आजी, घाबरू नका, दुखत नाही," कपाळाला सत्यपट्टी चिकटवता चिकटवता तंत्रज्ञ म्हणाला.

"घाबरतंय कोण? आणि आजी कोणाला म्हणतोस? तुझी आजी असते तर आधी तुला केस विंचरायला शिकवलं असतं."

तंत्रज्ञाने पट्टी दाबली. वाटाघाटगृहाच्या बाहेरच्या खोलीत आणखी दोघं-तिघं होते, त्यांनी हसू गिळलं. अनसूया पावसे यांच्यासमोर हसायचं की नाही, हे वेळणे खाडीवरच्या लोकांनाही अजून नीट ठरवता आलेलं नव्हतं.

खाडीच्या गाळातून शिवल्या काढणाऱ्या दीडशे बायकांच्या संस्थेच्या त्या अध्यक्ष. शिवल्या म्हणजे शहरातले लोक ज्यांना तिसऱ्या म्हणतात त्या. शाळा चौथीत सुटली, तोंड मात्र कधी सुटायचं थांबलं नाही. आज त्या तोंडावर दीडशे घरांची चूल होती. क्षीरोद कंपनीला खाडीच्या मुखाशी समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना घालायचा होता. मीठ काढून उरलेलं दाट खारं पाणी पुन्हा खाडीतच सोडणार. त्याने शिवल्या मरतात की नाही, एवढाच सवाल. बाकी सगळी कागदांची थप्पी.

नकार देता आला असता, पण वाटाघाट कायद्याप्रमाणे नकाराला कारण लागतं, आणि भीती वाटते हे कारण धरत नाहीत. पुरावा असलाच तर तो कंपनीच्या आधीच्या दोन खाड्यांत होता. तिथे कंपनीचं कुंपण होतं.

"मला परत एकदा समजाव," अनसूयाबाई शेजारी बसलेल्या डॉ. रेवती गमरे यांना म्हणाल्या. रेवती पलीकडच्या गावची, मेंदूचं शास्त्र शिकवायची. "ही पट्टी पकडते काय?"

"काकी, माणूस खोटं बोलतो तेव्हा मेंदूला दोन कामं पडतात. खरं दाबून धरायचं आणि खोटं रचायचं. पट्टी ते दाबणं पकडते. पट्टीवरचा दिवा लाल झाला की वाटाघाट तिथेच मोडते आणि खोटं बोलणारा हरतो."

"मग तो वकील खोटं बोलू शकणार नाही."

"नाही. पण त्याला दाबायला काही उरलंच नसेल तर?" रेवतीने आवाज खाली आणला. "स्मृतिबंध म्हणून एक उपचार आहे. भाजलेल्या रुग्णांसाठी काढला होता, जखम धुतानाच्या यातना आठवू नयेत म्हणून. डोक्यातली ठरावीक आठवण काही तासांपुरती कुलूपबंद करता येते. कंपन्या तो आता वकिलांवर वापरतात. त्याच्या कानामागे बारीक टिकली असेल बघा. जे त्याला ठाऊक होतं, ते दुपारी दोनपर्यंत त्याला ठाऊक नाही."

"म्हणजे तो खरं बोलणार, आणि ते खोटं असणार."

"खोटं असेलच असं नाही. कारखान्याची गुपितं राखायलाही बंध घालतात. काय बांधलंय ते विचारता येत नाही, कायद्यात तशी तरतूदच नाही."

"कायदा करणाऱ्यांच्या कानामागेही टिकल्या असतील," अनसूयाबाई उठल्या. "आणि मध्येच त्याने साहेबाला विचारून येतो म्हटलं तर?"

"ते चालत नाही. पूर्वी सगळे तेच करायचे. आतला खरं बोलायचा आणि खोटेपणा बाहेरचा साहेब करायचा. म्हणून आता आत फक्त पट्टी लावलेला माणूस, सहीचा पूर्ण अधिकार त्याच्याकडे. दार लागलं की बाहेरचा शब्द आत जात नाही. काचेतून बघा आणि ऐका, बस."

अनसूयाबाई दारात थबकल्या. "साहेबही आत येऊ शकत नाही?"

"आला तर त्याला पट्टी लावावी लागेल, काकी. आणि त्याला तर सगळं आठवतंय."

"अस्सं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दहा वाजता दार बंद झालं. टेबलापलीकडे ॲडव्होकेट सौमित्र उकिडवे बसले होते. चाळिशीचा, पडेल चेहऱ्याचा, पण डोळे साफ असलेला माणूस. उजव्या कानामागे टिकली. काचेच्या एका बाजूला कंपनीचे संचालक इनामदार खुर्चीत रेलून बसले होते, दुसऱ्या बाजूला संस्थेच्या सहा बायका उभ्या. खुर्च्या होत्या, पण बसवत नव्हतं.

"वकीलसाहेब, तुमच्या पाण्याने आमच्या शिवल्या मरतील का?"

"नाही, अनसूयाबाई. मी अहवाल वाचलेत. मरणार नाहीत."

त्यांच्या पट्टीवरचा दिवा पांढराच राहिला. काचेपलीकडे इनामदारांनी पाय लांब केले.

"आता माझा प्रश्न," उकिडवे म्हणाले. "मरतील असा काही पुरावा तुमच्याकडे आहे?"

हो म्हणण्याची फार इच्छा होती. जन्मभर बाजारात बसलेल्या बाईला एक हो काय जड? पण दिवा लाल झाला असता आणि खाडी जागच्या जागी गेली असती.

"नाही," त्या म्हणाल्या. सहा बायकांतल्या एकीने पदर तोंडाला लावला.

"मी खोटं बोलतोय असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. तुम्ही अगदी खरं बोलताय. तेच तर वाईट आहे."

उकिडवे गोंधळले. दोन तास त्यांनी नकाशे दाखवले, पाण्याचे तक्ते दाखवले. अनसूयाबाई ऐकत राहिल्या. खाडीवर त्यांना इतकं गप्प कोणी पाहिलं नव्हतं. बारा वाजून गेले. शेवटी उकिडवे म्हणाले, "तुमच्याकडे कारण नाही. मग सही करूया?"

"करूया. आधी आमच्या बाजारची एक रीत ऐका. शिवल्या आम्ही वाट्याने विकतो. गिऱ्हाईक ताज्या आहेत का म्हणून विचारत नाही. विचारून उपयोग काय? पाटी भरते सासू, बाजारात बसते सून. शिळ्या खाली, ताज्या वर. सून देवाशपथ ताज्या म्हणते, आणि बिचारी खोटं बोलत नाही. मी सासू आहे, मला ठाऊक आहे."

उकिडवे हसले. इनामदार हसले नाहीत. ते खुर्चीत सरळ झाले.

"म्हणून आम्ही शपथ घेत नाही. जिवंत शिवली वाफेवर तोंड उघडते, मेलेली बंद राहते. बंद निघालेल्या दुसऱ्या दिवशी आणून दाखवायच्या, एकीला दोन न्यायच्या. आतल्या मालाची खात्री असलेली बाई हे हसत कबूल करते. तसं कलम घाला. शिवल्या मेल्या तर कारखाना बंद, आणि तुमच्या ताब्यातल्या दुसऱ्या दोन खाड्या गावांना परत."

"वादळाने मेल्या तर? रोगाने?"

"ते आमचं नशीब. खारवटून मेल्या तर तुमचं. सरकारी प्रयोगशाळा ठरवील."

"इतकं मोठं कलम सहसा कोणी घालत नाही."

"का नाही? नकाराला कारण लागतं, वकीलसाहेब. आत्ताच तुम्ही मला तेच ऐकवलंत."

उकिडव्यांनी कारण शोधलं. खरोखर शोधलं, डोळे मिटून, सगळे अहवाल आठवून. डोक्यात कारण नव्हतं. तिथे पाणी स्वच्छ होतं आणि शिवल्या जिवंत होत्या.

काचेपलीकडे इनामदार उभे राहिले होते. त्यांचं तोंड हलत होतं, हात काचेवर आपटत होता. आत आवाजाचा टिपूससुद्धा नव्हता. रखवालदाराने त्यांना दाराजवळची कोरी पट्टी दाखवली, लावा आणि जा आत, अशी खूण केली. इनामदारांनी पट्टीकडे पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

उकिडव्यांनी ते पाहिलं. त्यांचा हात नकळत कानामागे गेला.

"काकी," ते हळू म्हणाले, बाईचं काकी कधी झालं ते त्यांनाही कळलं नसावं. "हा सापळा आहे का?"

नाही म्हटलं तर लाल. हो म्हटलं तर सही जाणार.

"शिवल्या जगणार असतील तर नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

दिवा पांढरा.

उकिडवे स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझ्या आठवणीप्रमाणे खाडीला धोका नाही. ते खरं असेल तर या सहीने माझ्या अशिलाचं काही जात नाही. आणि खरं नसेल..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. कलम स्वतःच्या हाताने लिहिलं, दोनदा वाचलं आणि सही केली. अनसूयाबाईंनी सही केली तेव्हा पावणेदोन वाजले होते. त्या सहीला वेळ लागला. अक्षरं त्यांना भाताच्या काड्यांसारखी एकेक उचलून ठेवावी लागतात.

"दोन वाजेपर्यंत बसते," त्या म्हणाल्या. "पाणी आहे का इथे?"

उकिडव्यांनी त्यांना पाणी दिलं.

दोन वाजता टिकली गळून मेजावर पडली. उकिडव्यांच्या चेहऱ्यावरून आधी रक्त उतरलं, मग ते परत आलं. त्यांना कुंपणामागची खाडी आठवली. दुपारची ओहोटी, गाळावर पसरलेल्या पांढऱ्या शिंपांचा थर आणि तो वास. तिथल्या एका घरात त्यांच्यासमोर ठेवलेलं पातेलंही आठवलं. खूप उकळूनही त्यातलं काहीच उघडलं नव्हतं. त्या मेलेल्या खाडीचा अहवाल त्यांनी स्वतः लिहिला होता. आणि बंधाच्या कागदावरही सही त्यांचीच होती.

पट्ट्या अजून कपाळावर होत्या. अनसूयाबाईंनी पेला खाली ठेवला.

"वकीलसाहेब, सकाळचाच प्रश्न. तुमच्या पाण्याने आमच्या शिवल्या मरतील का?"

"मरतील," उकिडवे म्हणाले. "एकूण एक."

दिवा पांढरा राहिला. सकाळी नाहीला होता तसाच, तितकाच स्वच्छ.

काचेपलीकडे बायका आता खाली बसल्या होत्या. इनामदारांची खुर्ची रिकामी होती. त्या कलमाखाली कंपनी वेळणे खाडीत एक खिळाही ठोकणार नव्हती.

"पट्टी काढा रे माझी," अनसूयाबाई दाराकडे बघून ओरडल्या. "ओहोटी लागलीय, आणि सून एकटी गाळात उतरली असेल. पाटी कशी भरायची ते तिला अजून मी शिकवलेलं नाही."

मग उकिडव्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि आता शिकवणारही नाही."