आठ दिवस ठेवून घेतलेली फुलदाणी

चौऱ्याण्णवची दिवाळी होऊन गेली, तरी बारामतीवरचं आभाळ काही हटायला तयार नव्हतं. अशाच एका कुंद दुपारी कन्हेरीची सुकन्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी आली आणि पिशवीतून काचेची फुलदाणी काढून तिनं ऋषिराजपुढं ठेवली. हा इंदापूरचा ऋषिराज तिथं छोटं मशीन घेऊन बसायचा, लोकांच्या भांड्यांवर नावं घालून द्यायचा.

“हिच्यावर नाव घाला. रुखवतात मांडायचीय.”

“काचंवर?” तो हसला. “मशीन टेकलं की तुकडं हुतील की हो!”

सुकन्यालाही मेलं हसूच आलं. इंदापूरच्या बाजारात मामीनं जुन्या सामानातून उचललेली ती फुलदाणी... निळी, मधेच मधाच्या रंगाची. “बेल्जमची हाय म्हणं,” ती म्हणाली. तेव्हा आपल्याकडं चकाकणारी कुठलीही काच बेल्जमचीच असायची, दुसरा देश जणू काच करतच नव्हता!

ऋषिराजनं फुलदाणी उलटी केली, बुडावरनं अंगठा फिरवला... आणि तसाच थांबला. मग मान वर करून बघत राहिला, ते फुलदाणीकडं नव्हे, तिच्याकडं. अगं बाई, काय ते बघणं! सुकन्यानं उगाचच ओढणी सारखी केली.

“आमचं आबा काचंच्या कारखान्यात भट्टीवर हुतं. त्यास्नी दाखवून सांगतो. आठ दिस ऱ्हाऊ द्या माझ्याकडं.”

“आठ? इंदापूर काय दिल्लीपल्याड हाय व्हय?”

“घाई हाय का... लग्नाची?”

“आधी पोरगं तर ठरू द्या!” म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

ते आठ दिवस तिनं कसे काढले, तिचं तिलाच माहीत. भाकरी करपवल्या, आईची बोलणी खाल्ली. गुरुवारी मोरगावचे पाहुणे आले. वडिलांनी, आप्पांनी, तिला बाजूला घेऊन विचारलं, “पोरी, मनात कोण आसंल तर आत्ताच सांग.” काय सांगणार बिचारी? भांड्यांवर नावं घालणाऱ्याशी घटकाभर बोलले, एवढंच? तो एक शब्द बोलला असता, तर तिनं सांगितलं असतं. ती गप्प राहिली, आणि त्याच संध्याकाळी सुपारी फुटली.

नवव्या दिवशी ती आली तेव्हा भुरभुर लागली होती. ऋषिराजनं फुलदाणी कागदातून सोडवली.

“बेल्जमची न्हाय ही. हितं बघा, बुडाला खरखरीत डाग हाय. फुंकून झाल्यावर सळईवरनं तोडल्याचा. इकायचा माल आसता तर घासून गुळगुळीत केला आसता. अन् रंग असं मिसळल्यात, कारण ही उरल्यासुरल्या काचंची. पाळी सुटली की कामगार असलं काय काय करायचं. इकायला न्हाय... जिच्यावर जीव हाय तिला द्यायला.”

“आबांनी सांगितलं?”

त्याची मान खाली गेली. “आबास्नी दाखवलीच न्हाय. मला त्याच दिशी कळलं हुतं. तुमी परत यावं म्हणून ठिवून घेतली. मला... तुमी लई आवडता.”

“मग तवाच का न्हाय बोलला?” तिचा आवाज चिरकला. “गुरुवारी माझी सुपारी फुटली. मोरगावला दिलीय मला.”

मशीन नुसतंच घरघरत होतं. त्यानं हात लांब करून ते बंद केलं.

“मोडता न्हाय येणार?”

“आप्पांनी पाच मानसांत शब्द दिलाय. माझ्या पाठीवर छकुली हाय, तिला कोण करंल मग?” तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “मलाबी तुमी आवडला हुता. लई आवडला हुता.”

मग सुकन्यानं फुलदाणी पुन्हा कागदात गुंडाळली आणि त्याच्याकडं सरकवली.

“तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.”

“अन् घरी काय सांगाल?”

“फुटली म्हणून सांगीन,” ती म्हणाली, आणि कन्हेरीच्या गाडीकडं चालू लागली.