शून्य बाइटचा फोटो

ऋतुजाला ही गोष्ट विचारलीत, तर ती उठून आत निघून जाईल. पण घडलं ते खरं आहे. मी तिची चुलतबहीण. त्याच संध्याकाळी मी हे तिच्या तोंडून ऐकलं.

मे महिन्यातला रविवार. भर दुपार. धरमपेठेतलं छोटंसं सॉफ्टवेअर ऑफिस. आत ती एकटीच.

तिचे वडील, आमचे श्रावणकाका, आधी उमरेडला हातमागावर विणायचे. माग बंद पडला, तसे कळमेश्वरच्या एका कारखान्यात लागले. एका सकाळी डबा घेऊन कामावर गेले...

परतलेच नाहीत.

"तो त्या दिवशी आलाच नव्हता," म्हणत कारखान्याने हात झटकले. पोलीस म्हणाले, गेला असेल कुठे निघून. तिची आई, पुष्पलताकाकू, तेव्हापासून धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही.

आता त्याच कारखान्याचं काम ऋतुजाच्या ऑफिसात आलं. गेटवरच्या कॅमेऱ्याने काढलेले कामगारांचे जुने फोटो डेटाबेसमध्ये भरायचे होते. तिने ते मागून घेतलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

तिने पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे एक छोटा प्रोग्राम. फोटोची फाइल उघडायची, तिचे बाइट जसेच्या तसे डेटाबेसच्या टेबलात टाकायचे, मग परत वाचून जुळवायचे.

वडील परतले नाहीत त्या दिवसाची, त्यांच्या नावाची फाइल निघाली.

म्हणजे ते आले होते!

पण फाइल रिकामी. शून्य बाइट. कुणीतरी आतलं सगळं पुसलं होतं.

तिने ती तशीच टेबलात टाकली. परत वाचताना जुळेना, स्क्रिप्ट अडली.

आत गेलं होतं शून्य. बाहेर येत होतं... काहीतरी.

आपलंच चुकलं असेल म्हणून तिने नोंद काढून पुन्हा भरली. पुन्हा तेच. आता जास्त.

कूलरची घरघर ऐकू येईना. पंखा तर फिरत होता...

तिने बाहेर आलेले बाइट फाइलमध्ये उतरवले. उघडले.

कारखान्याचं गेट. बंद. गजांच्या आतल्या बाजूला श्रावणकाका. हातात डबा.

तिने टेबलातून नोंद पुन्हा वाचली. आता दोन्ही हात गजांवर.

पुन्हा. तोंड उघडं.

आणि त्या निःशब्द खोलीत लोखंड खडखडलं...

"गेट उघड वं, माय." बाबा तिला असंच माय म्हणायचे.

तिने लॅपटॉप मिटला. तसाच छातीशी धरून ती पुष्करसरांच्या घरी धावली. सर तिचे बॉस, दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांनी फाइल उघडली.

"रिकामी आहे ही, ऋतुजा."

"सर, आत्ता होते त्यात! माझे बाबा..."

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग हळूच म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतंस. हे काम मी तुला दिलंच नसतं." तिच्यादेखत त्यांनी ती नोंद पुसली. कारखान्याची अटच होती, रिकाम्या नोंदी नकोत.

टेबलात आता तो दिवसच नव्हता.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. मी तिथेच होते. वाटलं, काकू रडेल, नाहीतर लेकीला वेड्यात काढेल.

काकूने एवढंच विचारलं,

"बोलावून राहिले होते न तुले?"

"हो."

"मंग उघडलं काहून नाही वं?"

ऋतुजाने ती नोकरी सोडली. मायलेकी एकाच घरात राहतात. काकू तिला जेवायला वाढते, पण बोलत नाही.

आणि ऋतुजा मला सारखी विचारते, सरांनी नोंद पुसली तेव्हा बाबा कुठे होते गं... आतच?