आप्पासाहेबांच्या पापण्या

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नूरमहंमदच्या डोक्याला दोन ताप होते. एक दुष्काळाचा, तो सगळ्यांनाच होता. दुसरा आप्पासाहेबांच्या डोळ्यांचा.

शेवगावात नूरमहंमदचा फोटो स्टुडिओ होता. कुणाचं माणूस फोटो न काढताच गेलं, की घरचे त्याला बोलवायचे. मयताला टेकवून फोटो घ्यायचा आणि मग त्यावर बारीक ब्रशानं उघडे डोळे रंगवायचे, यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता.

आप्पासाहेब चांगले जिते होते, साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभे होते. पण पापण्या अशा लोंबलेल्या, की भर सभेत लोक म्हणायचे, उमेदवार झोपला. पत्रकासाठी चार वेळा फोटो काढला, चारही वेळा डोळे मिटलेलेच.

"मेलेल्यांचं रंगवता तसं माजं रंगवा की, नूरभाई."

"जित्या माणसाचे डोळे रंगवायचे नाहीत, अशी उस्तादांनी शपथ घातलीय मला."

झालं, गडी हट्टाला पेटला. थेट मुंबईला जाऊन पापण्या कापून आला. लोक घागरभर पाण्यासाठी कोसभर चालत होते, आणि या मिशीवाल्या बाप्याला देखणं व्हायची हौस. तालुका पोट धरून हसला.

दोन महिन्यांनी भर दुपारी आप्पासाहेब स्टुडिओत आले. डोळे टक्क उघडे. त्यांतून सारखं पाणी गळत होतं, ते उपरण्यानं टिपत होते. चला, सुटलो एकदाचा, म्हणून नूरमहंमदनं फोटो घेतला आणि डार्करूममध्ये गेला. तबकातल्या कागदावर आधी फेटा उमटला, मग मिशी, मग डोळे.

मिटलेले.

त्यानं पुन्हा फोटो घेतला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र त्याचं टाळकं सटकलं.

"अहो, फेटा सांभाळता, मिशी सांभाळता, घडीभर डोळे उघडे ठेवायला काय होतंय तुम्हाला?"

आप्पासाहेबांनी उपरण्यानं पुन्हा डोळे टिपले.

"मिटतच न्हाईत वो ते... झोपंत बी उघडंच ऱ्हात्यात. मंडळी तोंडावर फडकं टाकत्यात..."

तेव्हा कुठं नूरमहंमदच्या ध्यानात आलं. आल्यापासून या माणसाची पापणी एकदाही लवली नव्हती. ही पीडा दुकानातून जावी एवढंच त्याला वाटत होतं. उस्तादांची मनोमन माफी मागून त्यानं ब्रश उचलला आणि फोटोवर उघडे डोळे रंगवून दिले.

चौथ्या दिवशी नगरहून पत्रकं छापून आली, भिंतींना चिकटली. त्याच दुपारी आप्पासाहेब जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

त्यांचा धाकटा भाऊ आसाराम स्टुडिओच्या दारात येऊन उभा राहिला. हातात नगरहून परत आलेला तो फोटो होता.

"दादांचं डोळं मिटंनात, नूरभाई. पापणी वढून बघितली, वलं फडकं ठिवलं. मयत आसं टक लावून बघतंय, की खांदा द्यायला कुनी फुडं हुईना... तुमी उघडलं, तुमीच मिटा."

नूरमहंमदनं कपाळाला हात लावला. जित्यापणी छळलं, आता मेल्यावरही सुटका नाही. त्यानं ओल्या कापसानं फोटोवरचे डोळे पुसून टाकले. आसाराम धावत घरी गेला आणि तसाच परत आला.

"उघडंच हायेत..."

"पत्रकं किती छापली?"

"हजार."

समोरच्याच भिंतीवर एक होतं. नूरमहंमद उन्हात रस्ता ओलांडून गेला. मयताच्या डोळ्यांवरून फिरवतात तसा त्यानं छापील डोळ्यांवरून अंगठा खाली ओढला.

"मिटा आता, आप्पासाहेब. पुरे झालं."

शाई निघाली नाही, पण अंगठा ओला झाला. गावच्या नळाला चार दिवस थेंब नव्हता, भिंत हात भाजेल इतकी तापली होती. त्यानं अंगठा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा पाहिलं. डोळ्यांपासून मिशीपर्यंत कागद भिजत चालला होता.

आसाराम तोवर पुढच्या भिंतीपाशी गेला होता.

"नूरभाई," तो हळूच म्हणाला, "ह्ये बी वलं हाय..."