आसन ३१-अ

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी विमान कंपनीच्या मार्ग-कक्षात शलाका खोब्रागडेच्या पडद्यावरची विमानमार्गाची हिरवी रेघ मध्येच तुटली. नागपूरहून व्हिएन्नाला निघालेलं विमान तेव्हा आखाताच्या तोंडाशी होतं. पन्नास मिनिटांनी ते ज्या देशाच्या हद्दीत शिरणार होतं, त्या देशाचं आकाश त्याच्यापुरतं बंद झालं होतं.

"काऊन बंद केलं?" शेजारून भोयरकाकांनी विचारलं. त्यांनी तीस वर्षं विमानांचे मार्ग आखले होते. शलाका त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

"कारण देत नाहीये, काका. मागचं-पुढचं विमान खुशाल जातंय. फक्त आपलंच अडवलंय."

पूर्वी हे सगळं कागदावर असे. कुणी कुणाच्या आकाशातून नुसतं जायचं, कुठे इंधनापुरतं टेकायचं, कुठे माणसं उतरवायची, अशा एकेका हक्कासाठी दोन देशांचे अधिकारी वर्षानुवर्षं घासाघीस करत. चार वर्षांपूर्वी 'जिवंत करार' आला. आता देशोदेशीची यंत्रंच आपसांत बोलत आणि प्रत्येक उड्डाणाला दर मिनिटाला नव्यानं हक्क देत. वादळ उठलं, युद्ध पेटलं की मार्ग आपोआप वळत. विमानं वेळेवर पोचत, म्हणून कुणाची तक्रारही नव्हती.

पडद्यावर मजकूर उमटला : 'आखातात इंधनथांबा मंजूर. तेथे एक प्रवासी उतरवण्याचा हक्क मंजूर. आसन ३१-अ. त्यानंतर पुढील आकाश खुले.'

शलाकानं तो दोनदा वाचला. वाटेत प्रवासी उतरवायचा हक्क या विमानाला कधीच नव्हता. तो आज, एका माणसापुरता, न मागता मिळाला होता.

३१-अ म्हणजे कुसुम गेडाम. वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका.

शलाकानं विमानातल्या कॅप्टन सामंतांना गाठलं. पाच मिनिटांनी त्यांचा आवाज आला.

"हवाईसेविकेनं बाईंशी बोलून पाहिलं. मुलीला नुकतंच बाळ झालंय, तिचं बाळंतपण करायला चालल्यात. कधी देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. उलट त्यांनीच विचारलं, डिंकाचे लाडू तिथं चालतील ना?" मग ते घाईनं म्हणाले, "शलाका, माझ्या पाठीमागे दोनशे चौदा माणसं आहेत. काय ते लवकर सांग."

तिनं साहेबांना फोन लावला. "उतरवा त्यांना. दुसऱ्या विमानानं पाठवू," साहेब म्हणाले.

"कुठल्या, सर? त्यांच्यासाठी तेही आकाश बंदच असेल ना?"

साहेबांनी फोन ठेवून दिला. शलाका उभी राहिली, पुन्हा बसली. कुसुमबाई तिच्या डोळ्यांसमोर आल्या : परका विमानतळ, हातात पिशवी, भाषा येत नाही आणि का उतरवलं ते सांगायलाही कुणी नाही.

"काका, तांबड्या समुद्रावरून वळवलं तर?"

भोयरांनी बोटांवर हिशेब मांडला. "चार तास जास्त. वैमानिकांच्या ड्युटीचे तास संपायला वीस मिनिटं उरतील. जमेल, पण वाटेत कुठं अडलं तर मेलो."

"कॅप्टन," ती म्हणाली, "इंधन घ्या. प्रवाशांचं दार उघडू नका. दक्षिणेकडून, तांबड्या समुद्रावरून जा."

"ठीक आहे," सामंत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला ताण सैल झालेला तिला जाणवला.

पुढचे तास ती खुर्चीत स्थिर बसूच शकली नाही. प्रत्येक हद्दीवर हक्क अगदी शेवटच्या क्षणी मिळत होता. अखेर निरोप आला : 'उतरलो. ३१-अला घ्यायला मुलगी आलीय.' भोयरकाकांनी तिच्यासमोर चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या रेघा हिरव्या होत्या. एकही आकाश बंद नव्हतं. मात्र सुट्टीचा हंगाम असूनही व्हिएन्नाच्या विमानात अकरा आसनं रिकामी होती. तिनं तिकीट विभागात विचारलं.

"कालच्या गोंधळानंतर जिवंत करार थेट तिकीटविक्रीला जोडलाय," तिथली बाई म्हणाली. "ज्यांच्यामुळे आकाश बंद होईल, त्यांना 'जागा शिल्लक नाही' एवढंच दिसतं."

"कोण आहेत ते? नावं?"

"तिकीटच दिलं नाही, तर नाव कुठून असणार, मॅडम?"

शलाकानं घाईघाईनं कुसुमबाईंचं परतीचं तिकीट उघडलं. तीन महिन्यांनंतरचं होतं. काल पक्कं असलेलं ते तिकीट आज रद्द झालं होतं. तिनं इतर तारखा पाहिल्या, इतर मार्ग पाहिले. सगळीकडे तेच तीन शब्द. जमिनीवरून परतायचं म्हटलं, तरी प्रत्येक सरहद्दीवर त्यांना जाऊ द्यायचं की नाही, तेही आता यंत्रच ठरवणार होतं.

मुलीचा नंबर पडद्यावर होता. पलीकडे घंटा वाजत राहिली, मग कुणीतरी फोन उचलला. मागे तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

"हॅलो? कोण बोलतंय?" कुसुमबाईंनी आनंदानं विचारलं.

आपण पोचवलेल्या या बाईला शलाकानं आता काय सांगायचं होतं?